खडूचा दात

"हे कीटण नाही," छोटा आरसा हिरडीपाशी नेत डॉक्टर म्हणाल्या. "काय आहे हे?"

खुर्चीत निजलेल्या शिक्षिकेनं छताकडे पाहिलं. सातवा महिना सरत आला होता. उजव्या बाजूला उशी सारून तिला थोडं डाव्या कुशीवर कलतं केलं होतं. वरचा समोरचा एक दात नव्हता. त्या फटीतून पांढरी भुकटी निघत होती आणि भोवतालची हिरडी टोमॅटोसारखी लालबुंद फुगली होती.

"खडू," ती म्हणाली.

"डोहाळे लागलेत की काय खडूचे?"

"खात नाही हो. बसवते. दातासारखा तासून. फक्त तासापुरता."

तीस वर्षांत डॉक्टरांनी लोकांच्या तोंडातून काय काय काढलं होतं, पण फळ्यावरचा खडू कधी नाही. त्या भडकणार होत्या, तेवढ्यात शिक्षिकाच बोलू लागली.

"माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू येत नाही, डॉक्टर. माझ्या तोंडाकडे बघून ती बोलायला शिकतात. 'द' म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते. माझी फटीतून बाहेर यायला लागली, तर दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग जिभा बाहेर काढून बसला."

डॉक्टरांना हसू आलं, ते मास्कमध्येच राहिलं.

"एक सात वर्षांची मुलगी आहे. तिचा मोठा भाऊ रोज तिला न्यायला फाटकाशी येतो. त्याला 'दादा' अशी हाक मारायचीय तिला. आठ महिने झटतोय आम्ही दोघी. आता अगदी आलंच आहे. पुढच्या महिन्यात माझी रजा सुरू होते. म्हणून म्हणते, कायमच्या दातासाठी हाडात बसवतात तो स्क्रू आजच बसवून टाका. दुखलं तर दुखलं."

"अजिबात नाही. स्क्रूचं बाळंतपणानंतर बघू. आणि आज बसवला तरी तो हाडात पक्का होऊन वर दात चढायला काही महिने जातात. घाई आहे ती हिरडीची. ब्रश फिरवता का तिथं?"

"रक्त यायला लागलं म्हणून सोडलं. म्हटलं, बाळाला काही नको व्हायला."

"रक्त येतं म्हणून तर घासायचं! हिरडी अशी सोडून देणं तुम्हालाही बरं नाही, बाळालाही नाही. सफाईला या दिवसांत काही हरकत नसते. सूज उतरली की आठ दिवसांत काढता-घालता दात करून देते. आणि खडू फळ्यावरच वापरायचा."

"आठ दिवस," शिक्षिका म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आठ दिवसांत हातातोंडाशी आलेला शब्द निसटू शकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

सफाई अर्धा तास चालली. एक हात पोटावर ठेवून ती पडून राहिली. खडूचा शेवटचा कण काढून डॉक्टरांनी तो गॉजवर ठेवला. अशी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

"तास किती वाजता असतो?"

"साडेदहाला."

"माझा दवाखाना बाराला उघडतो. आठ दिवस मी येते वर्गात. माझे आहेत की दात. बत्तीसच्या बत्तीस, आणि सगळे माझेच."

शिक्षिका सावकाश उठून खुर्चीच्या कडेला बसली. तिनं डॉक्टरांना नीट न्याहाळलं.

"मास्क काढा," ती म्हणाली.

या खोलीत आजवर हुकूम फक्त डॉक्टरांचा चालत आला होता. त्यांनी मुकाट्यानं मास्क काढला. आवाजाची थरथर हाताला कळावी म्हणून शिक्षिकेनं पुढे वाकून त्यांच्या गळ्यावर तळवा टेकवला.

"म्हणा, दा."

"दा."

"अहं. जीभ दातांच्या मध्ये येतेय. मागे टेकवा."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणाऱ्या डॉक्टरांनी जीभ मागे घेतली.

"दा."

"पुन्हा."

"दा. दादा."

"छान आलं," शिक्षिका म्हणाली. "आता मला ऐकू येत नाही असं समजून म्हणा."