एक जागा, एक आडनाव

मेल नवऱ्याच्या पत्त्यावर आला होता, पण पहिली ओळ वाचून तो बायकोला उद्देशून असावा असं दोघांनाही वाटलं.

तिनं तो पुन्हा वाचला. पहिल्याच ओळीत संगणकाच्या प्रोग्रामचं कौतुक होतं. तो तिनं लिहिलेला. खालच्या ओळीत एका सिद्धांताचं कौतुक, तो त्याचा. आणि वर नुसतं 'प्रिय डॉक्टर', पुढे आद्याक्षर आणि आडनाव. आडनाव लग्नानंतर एक झालं होतं. आद्याक्षर मुळातच एक.

दोघांची पीएचडी एकाच विषयात: माणसं, विजेच्या तारा, संगणक एकमेकांना कसे जोडलेले असतात आणि कुठला धागा तुटला की सगळं कोलमडतं. दीड वर्ष दोघंही पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा शोधत होते. या विषयातल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे जिथे तिचा अर्ज तिथेच त्याचाही. काहींनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. आज पहिल्यांदाच कोणीतरी मुलाखतीला बोलावलं होतं, उद्या सकाळी अकराला, ऑनलाइन. कोणाला, तेवढंच कळत नव्हतं.

"तुलाच आलंय," तो म्हणाला.

"पत्ता तुझा आहे," ती म्हणाली.

सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. जागा लागली का, असं त्यांनी विचारलं. दोघं पुन्हा मेलच वाचू लागले, तेव्हा म्हणाल्या, एवढं शिकलात, एक फोन लावून विचारायला काय झालं?

तिनं फोन लावला. प्रयोगशाळेचे प्रमुख स्वतःच बोलले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, समोरचे कागद चाळल्याचा आवाज आला.

"आम्हाला वाटलं, तुम्ही एकच आहात," शेवटी ते म्हणाले.

दोघांचे शोधनिबंध एकाच नावावर मोजले गेले होते, म्हणून यादीत पहिला नंबर लागला होता. आता वेगवेगळे धरले तर, असं तिनं विचारलं. तर दोघांपैकी कोणीच यादीत बसत नाही, असं ते चाचरत म्हणाले. पण मुलाखत त्यांनी रद्द केली नाही. जागा एकच आहे, कोणी बोलायचं ते तुम्हीच ठरवा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

"म्हणजे मिळाली की नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"निम्मी मिळाली," तो म्हणाला. हसावं की रडावं, त्यालाही कळत नव्हतं.

क्षणभर तिच्या मनात आलं, यानं तो सिद्धांत मांडलाच नसता तर. लगेच तिची तिलाच लाज वाटली. संध्याकाळभर दोघं एकमेकांना 'तू बोल, तूच बोल' म्हणत राहिले, आणि दोघांनीही आपापले कपडे इस्त्री करून ठेवले.

सकाळी अकराला टेबलाशी दोन स्टुलं खेटून ठेवली होती. पडद्यावर दोघांचा अर्धा अर्धा चेहरा दिसत होता. प्रमुखांनी नमस्कार केला, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "हं, करा सुरुवात."

दोघांनी एकदम तोंड उघडलं, आणि दोघंही एकमेकांसाठी थांबले.