खडखड

वडिलांच्या काळातल्या वैकुंठरथात जरा खडखड झाली, तरी जयसिंगआप्पांचा जीव वरखाली व्हायचा. परवा तो आवाज हुडकायला मागं कुणीतरी आडवं पडायला हवं होतं. पण तिरडीच्या जागी झोपणार कोण? शेवटी बायकोलाच, साखरबाईला, तिथं निजवून त्यांनी शिरूरच्या बाजारातून चक्कर मारली.

काचेतून ती दिसली तसा बाजार जागीच थांबला. लोक चपला काढून हात जोडू लागले. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताच ते पुटपुटले, "चुकलं माझं. जित्या माणसाला लोकांनी हात जोडले."

साखरबाई पदर सावरत उतरली.



"जोडू द्या की. उभा जन्म तुमच्या घरात राबण्यात गेला, माझ्यासाठी कुणी थांबल्यालं आजच बघितलं."