हवा पालटली

पहाटे बाबाजीने नळ सोडला आणि दचकून हात मागे घेतला. पाणी गार होतं.

मे महिन्यापासून टाकीतलं पाणी पहाटेसुद्धा चुलीवरून उतरवल्यासारखं यायचं. आज तोंडावर मारलं तर अंगावर काटा आला. तो बाहेर आला. पिंजऱ्याच्या जाळीवर दव साचलं होतं. उन्हाळाभर धुळीत बुडालेले रास अल खैमाचे डोंगर खजुरांच्या पलीकडे आज लख्ख उभे होते.

"सुटलात रे बाबांनो," तो कबुतरांना म्हणाला.

या शेतावरचा त्याचा हा पहिलाच उन्हाळा. त्याआधी तो मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात राहून बिल्डिंगांवर विटा वाहायचा. इथे एकट्याने राहायचं, खजुरांना पाणी सोडायचं आणि पिंजराभर कबुतरं सांभाळायची. अरबाब, म्हणजे शेताचा मालक, रोज फोन करायचा. "बाबाजी, कबूतर को पानी दिया? साया है ना?" पिंजऱ्यासाठी त्याने कूलरही पाठवला होता. पाखरांवर एवढा जीव लावणारा मालक मिळायला नशीब लागतं, असं बाबाजी गावी बायकोला, नर्मदाला, सांगायचा.

आणि त्यानेही जीव लावला. जाळीवर पोती टाकून ती दिवसभर भिजवली. भर जुलैत एका जोडीची पिल्लं धापा टाकायला लागली, तेव्हा ती खोक्यात घालून स्वतःच्या खोलीत एसीखाली ठेवली. त्यातलं एक अजून त्याच्या खांद्यावरून उतरत नसे.

ऊन वर आलं तशी खैरुद्दीनची पिकअप आली. खैरुद्दीन रत्नागिरीचा, शारजात रोल्ला भागात राहायचा आणि अरबाबची सगळी शेतं बघायचा.

"यल्ला बाबाजी, आवरून घे! अरबाब निघालेत. हवा पालटली म्हणून खूश आहेत."

"येऊ देत की. एकही पाखरू मेलं नाही, खैरुद्दीनभाई. उलट पिल्लं वाढलीत."

"एकही नाही?" खैरुद्दीनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "कमाल केलीस! गेल्या वर्षी निम्मी उन्हाने गेली. उरलेल्यांच्या पंखांत दम नव्हता, ससाण्याला मजाच येईना."

"ससाण्याला?"

"मग? थंडीत शिकारीचा सीझन. त्याआधी नव्या ससाण्याला शिकवायचं, तर जिवंत कबूतरच सोडावं लागतं. रोज एक. तुला काय वाटलं, अरबाब शोभेला पाळतात?"

बाबाजीने वळून पिंजऱ्याकडे पाहिलं. खैरुद्दीन मात्र घड्याळ बघत होता. अरबाबांना घ्यायला फाट्यापर्यंत जातो, म्हणाला आणि पिकअप वळवून गेला.

बाबाजी जागच्या जागी उभा राहिला. कूलर घरघरत होता. आत कबुतरं घुमत होती, गुबगुबीत, चकचकीत मानांची. एक जरी मरतुकडं ठेवलं असतं, तर वाचलं असतं का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याने पिंजऱ्याचं दार सताड उघडलं. नोकरी गेली तर गेली. विटा कुठेही वाहता येतात.

"जा," तो म्हणाला. "उडा!"

थवा फडफडत वर गेला. खजुरांवरून एक गिरकी, मग दुसरी. कोवळ्या गार हवेत त्यांचे पंख असे वाजत होते की बाबाजीला हसू फुटलं. ती डोंगराकडे वळली. लहान दिसायला लागली.

आणि परत फिरली. एकेक करत खोलीच्या छपरावर उतरली, तिथून अंगणात. खांद्यावर नेहमीचं वजन येऊन बसलं. त्याने ते झटकलं. ओरडला, हात उडवले, टॉवेल फिरवला. ती दोन पावलं मागे सरायची आणि पुन्हा जवळ यायची.

फाट्याच्या रस्त्यावर धूळ उठली. दोन गाड्या होत्या.

बाबाजीने खाली वाकून मूठभर खडे उचलले. डोळे मिटले आणि सगळा जोर लावून ते थव्यावर भिरकावले.

त्याने डोळे उघडले, तेव्हा कबुतरं खडे पडले तिथे धावत गेली होती आणि ते टिपत होती.