कोपऱ्यातला तारा

ताऱ्यांचे फोटो काढायला स्वस्तातली लेन्स घ्यायची, असं आमच्या ह्यांनी ठरवलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. आतापर्यंत तीन सेकंडहँड लेन्स घरी आल्या आणि तिन्ही परत गेल्या. दरवेळी तेच. गच्चीवरून फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर मोठा करायचा आणि मधलं सगळं आभाळ सोडून नेमके कोपरे तपासायचे.

आज चौथीची पाळी. चहा घेऊन गेले, तर ह्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"ही पण परत. कोपऱ्यातला हा तारा बघ कसा ताणलाय, पंख फुटल्यासारखा."

"अहो, मधले तारे टाचणीच्या टोकासारखे आलेत की! कोपऱ्यात कोण बघतंय?"

"मी बघतो. कोपऱ्यात असला म्हणून काय झालं, तोही ताराच आहे."

माझं डोकंच फिरलं. भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला आणि ह्यांच्यासमोर आपटला. सासरच्या अख्ख्या गोतावळ्याचा फोटो, ह्यांनीच काढलेला. मधोमध सासूबाई, नणंदा, त्यांची पोरंबाळं, सगळे कसे ठसठशीत. आणि पार कडेला मी. चेहरा ताणलेला, एक खांदा फोटोबाहेर.

"इतकी वर्षं हा भिंतीवर आहे. ही नाही कधी दिसली?"

ह्यांनी चष्मा पुसला. फोटो डोळ्यांजवळ धरून माझा कोपरा बराच वेळ न्याहाळला.

"बघ," हे म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, लेन्स चांगली हवी."