दुसरा तुकडा

माझी बायको सुचित्रा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, एवढं ऐकून वाशीच्या नव्या भाजी मार्केटातले धनाजीराव आमच्या जुईनगरच्या घरी आले. हातात दगड झालेल्या दाताचा काळा तुकडा. वडिलांनी तो दात कच्छहून आणून देव्हाऱ्यात ठेवला होता. वाटणीत दोघे भाऊ त्याच्यावरच हटून बसले, तेव्हा छिन्नीने त्याचे उभे दोन भाग केले.

"वाघाचाच हाय ना, मॅडम?"

तिने कडेवरून बोट फिरवलं. "याला मूळ नाही. दुसरा तुकडा बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

"तो धाकट्याकडं, खांदेश्वरला. बोलणं बंद हाय आमचं."

"मग राहू द्या."

रविवारी दोघे आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. तिने तुकडे जुळवले. "शार्कचा दात आहे. लाखो वर्षांपूर्वीचा."

दोघांची डोकी एकदमच त्या दातावर वाकली. जाताना दोन्ही तुकडे एकाच रुमालात होते.

दार लावल्यावर मी म्हणालो, "अगं, पण मूळ तर दुसऱ्याही तुकड्याला नव्हतं!"

"शार्क मला त्या करवतीसारख्या कडेवरून पहिल्याच दिवशी कळला होता," ती चहाचे कप उचलत म्हणाली.