टाके

न्यूरोसर्जरी शिकणाऱ्या डॉक्टर शलाकाच्या कपाळावर पेशंटच्या भावाने सलाईनचा लोखंडी स्टँड हाणला. "भाऊ मरतोय आणि तुम्ही कागद रंगवताय," तो ओरडला. ती रक्ताने माखून कोसळली. सिक्युरिटीवाल्यांनी त्याला पाडून बुटांनी तुडवलं.

विभागप्रमुख गुंजाळ मॅडमनी तिला टाके घातले. "हात थरथरतायत?"

"नाही."

"मग आज कवटी तू उघड. मी शेजारी उभी राहते."

"त्याच्या भावाची?"

"आपल्या पेशंटची."

तिने ड्रिलने हाड कापलं, मेंदूवर साचलेलं काळं रक्त काढलं. पेशंट वाचला.

बाहेर पोलिसांनी धरलेल्या भावाला तिनेच ते सांगितलं. तो रडत तिचे पाय धरायला वाकला. शलाकाने दचकून दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.