चाचणीपुरती चिऊ

बँकेने स्वतःपुरतं बनवलेलं कर्जाचं सॉफ्टवेअर आता सगळ्या जगाला फुकट वापरायला खुलं करायचं ठरलं. त्याआधी वकीलबाई जुन्या प्रोग्रामरशेजारी बसून एकेक फाइल डोळ्यांत तेल घालून तपासत होत्या. चाचणीसाठी रचलेल्या खोट्या ग्राहकांची यादी आली, तशा त्या थबकल्या. बाकीच्यांची नावं 'चाचणी एक', 'चाचणी दोन' अशी. एकीचं मात्र 'चिऊ'.

"हिची तर जन्मतारीखही आहे. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी कर्ज, बाविसाव्या वर्षी नोकरी, यंदा स्कूटर. दर वर्षी तुम्हीच भर घातलेली दिसते. आणि जामीनही तुम्हीच! लेक का तुमची?"

तो पडद्यावरची यादी पुढे सरकवू लागला.

"खरी व्यक्ती असेल तर आत्ताच पुसावी लागेल हं. नियम आहे."

"छे हो मॅडम," तो हसून म्हणाला, "अशी कोणी नाहीच."

बाईंनी यादीपुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या फाइलकडे वळल्या.

घरी आल्यावर तो बूटही न काढता भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. चौथीतली चिऊ. त्यानंतरचा तिचा एकही फोटो घरात नव्हता.

"काय झालं रे?" बायकोने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. कोणी नाहीच म्हणालो, तेही सांगितलं.

तीही येऊन फोटोसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "पण वाचवलंस ना तिला?"

"हो," तो म्हणाला. "या वेळी वाचवलं."